पाऊस ऐकू येतो, माणसं ऐकू येत नाहीत

(सिनेमा आणि आवाज या विषयावरच्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मागच्या वेळी आपण थिएटरमधल्या आवाजाबद्दल बोललो. आज घरी यायचंय. पण त्याआधी एक कबुली देतो. याच व्यासपीठावरून मी अल्फोन्सो कुआरोनच्या 'रोमा' या सिनेमाबद्दल बोललो होतो. तेव्हा मी म्हणालो होतो की, चित्र इतकं संयमी आणि आवाज मात्र दिखाऊ. कॅमेरा शांतपणे बघतोय आणि मागून कोणीतरी सारखं खांद्यावर टिचकी मारतंय. तुमच्यापैकी काहींनी माना डोलावल्या होत्या. ते विधान मला आज मागे घ्यायचंय. कारण ते 'रोमा'बद्दल नव्हतंच. ते माझ्या दिवाणखान्यातल्या मागच्या दोन स्पीकरबद्दल होतं. (हशा)

हसा, हसण्यासारखंच आहे. पण मला यात एक गंभीर गोष्ट दिसते. आपण सिनेमावर बोलतो, लिहितो, वाद घालतो. आता तर बरेचसे सिनेमे आपण घरीच पाहतो. पण ज्या आवाजावर आपण मत देतोय, तो दिग्दर्शकानं आणि मिक्सिंग करणाऱ्यानं ठरवलेला आवाज आहे की घरी वायरी जोडायला आलेल्या माणसानं ठरवलेला, हे आपण तपासतो का? मी तपासलं नव्हतं.

झालं असं. घरी पाच स्पीकर आणि एक सबवूफर असा संच घेतला. दुकानातून एक मुलगा आला, त्यानं सगळं भिंतीवर लावलं, जोडलं आणि हेलिकॉप्टरची एक क्लिप लावून दाखवली. हेलिकॉप्टर सोफ्याच्या मागून असं गेलं की आमच्या शेजाऱ्यांनी दार उघडून बघितलं. सगळे खूश. मुलगा म्हणाला, "सर, आता पैसे वसूल." चार दिवस कौतुकात गेले. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "अरे, तुझ्या या पिक्चरमध्ये पाऊस ऐकू येतो, माणसं काय बोलतात ते नाही ऐकू येत."

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिला काय सांगितलं असेल? हेच, की आई, तुझा कान आता कमी झालाय. ती बिचारी गप्प बसली. पुढे काही महिन्यांनी एका मित्राकडून आवाज मोजायचा मीटर आणला, सोफ्यावर मधोमध बसून मोजलं, तेव्हा कळलं की मागचे दोन्ही स्पीकर समोरच्यांपेक्षा पाच डेसिबलनं वर लावलेले आहेत. आईच्या कानाचा दोष थोडा असेलही. पण मोठा दोष माझा होता. तिनं केलेली समीक्षा बरोबर होती आणि मी तुमच्यासमोर केलेली चुकीची होती.

आता पाच डेसिबल म्हणजे किती, असं तुम्ही विचाराल. ऐकताना एखादा आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला दहा डेसिबल लागतात. तीन डेसिबल म्हणजे ॲम्प्लिफायरला दुप्पट ताकद खर्च करावी लागते, पण कानाला तो फरक फक्त 'जरासा वाढला' असा वाटतो. तेव्हा पाच म्हणजे काही प्रलय नाही. पण सिनेमाच्या मिक्सिंगमध्ये एकेका डेसिबलवर माणसं तासन्‌तास घालवतात. त्यांच्या त्या सगळ्या कामावर आपण पाच डेसिबलची चादर पसरतो.

म्हणून मुळात ही व्यवस्था काय आहे ते थोडक्यात बघू. पाच अधिक एक, ज्याला आपण फाइव्ह पॉइंट वन म्हणतो, त्यात समोर तीन स्पीकर असतात. डावा, उजवा आणि मधला, म्हणजे सेंटर. बहुतेक संवाद या सेंटरमधून येतात. मग बाजूला, कानांच्या थोडं मागे, दोन सराउंड. आणि 'पॉइंट वन' म्हणजे फक्त खालच्या, गडगडाटी आवाजांसाठीचा वेगळा मार्ग. या सगळ्यांची पातळी एकमेकांशी जुळवायची असते. त्यासाठी ॲम्प्लिफायरमध्ये एक चाचणीचा आवाज असतो, त्याला पिंक नॉइज म्हणतात. ऐकायला पत्र्यावर दूर कुठेतरी पडणाऱ्या पावसासारखा. तो एकेका स्पीकरमधून वाजवायचा, आपण बसतो त्या जागी कानाच्या उंचीवर मीटर धरायचा, मीटर 'सी' आणि 'स्लो'वर ठेवायचा आणि प्रत्येक स्पीकर पंचाहत्तर डेसिबलवर आणायचा. झालं. दहा मिनिटांचं काम आहे.

मोबाइलवरचं ॲप चालेल का? चालेल, पण एक लक्षात ठेवा. मोबाइलचा आकडा खरा पंचाहत्तर असेल याची खात्री नसते. पण आपल्याला खरा आकडा नकोच आहे, स्पीकरांची आपसातली तुलना हवी आहे, आणि ती त्यावर बऱ्यापैकी होते. फक्त सबवूफरसाठी त्याच्यावर भरवसा नको. मोबाइलचा माइक माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचे आवाज त्याला नीट ऐकूच येत नाहीत. तुम्ही त्याच्या भरवशावर सब वाढवत जाल आणि भांडी वाजायला लागतील.

आता कोणी म्हणेल, मीटर कशाला? मला कान आहेत की! मी कानानंच जुळवीन. इथे गंमत आहे. आपले कान पुढे तोंड करून बसवलेले आहेत. कानाच्या पाळीची रचनाच अशी आहे की मागून येणाऱ्या आवाजातले वरचे, धारदार स्वर थोडे अडतात. त्यामुळे तोच पिंक नॉइज मागून आला की वेगळा वाटतो, थोडा मंद, थोडा बोथट. मग आपण म्हणतो, हा कमी येतोय, वाढवा. म्हणजे कानाच्या रचनेची भरपाई आपण ॲम्प्लिफायरमध्ये करायला जातो. पण मंडळी, मिक्सिंग करणाऱ्यालाही असेच कान होते! (हशा) मागचा आवाज त्यालाही तसाच बोथट ऐकू येत होता आणि ते धरूनच त्यानं पातळी ठरवली. आपण ती भरपाई दुसऱ्यांदा करतो.

आणि दुसरं कारण त्या दुकानातल्या मुलानं सांगितलं तेच. पैसे वसूल. पाच स्पीकरांचे पैसे दिलेत तर पाचही ऐकू यायला हवेत. मागचे दोन गप्प बसले की वाटतं, बिघडले की काय. मला वाटतं घरच्या सिनेमातली सगळ्यात मोठी चूक इथे होते. समान पातळीचा अर्थ आपण 'सगळे सारखे ऐकू आले पाहिजेत' असा घेतो. तो तसा नाहीये. समान पातळी म्हणजे चाचणीच्या आवाजाला सगळ्यांनी सारखं उत्तर देणं. एकदा ते झालं की सिनेमा सुरू झाल्यावर कोणी बोलायचं, कोणी गप्प बसायचं, हे सिनेमा ठरवेल. वीस मिनिटं मागचे स्पीकर जवळजवळ काहीच बोलले नाहीत, तर ती वीस मिनिटंही कोणीतरी ठरवून दिलेली आहेत.

आपल्याकडे हे समजायला अवघड जाऊ नये. आपण तानपुरा ऐकत मोठे झालेले लोक आहोत. मैफलीत तानपुरा किती ऐकू यायला हवा? तो वाजतोय हे लक्षात येऊ नये, पण थांबला तर लगेच कळावं, इतका. तानपुरा गाणाऱ्याच्या वर गेला की त्याच्याकडे लक्ष जातं, आणि मग गाणं बाजूला राहतं. म्हणून कोणी तानपुरा बंद करा असं म्हणत नाही. सराउंडचं तसंच आहे.

आता ज्या सिनेमापासून आजच्या या मांडणीची परंपरा सांगतात, त्याकडे वळतो. 'अपोकॅलिप्स नाऊ', १९७९, दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला, ध्वनिरचना वॉल्टर मर्च. सत्तर मिलीमीटरच्या प्रिंटवर सहा ट्रॅक होते, आणि मागचा आवाज डावा आणि उजवा असा वेगळा केलेला होता. सुरुवात आठवा. पडदा काळा आहे, चित्र यायच्या आधीच हेलिकॉप्टरच्या पात्यांचा आवाज येतो. खरं हेलिकॉप्टर नाही ते, सिंथेसायझरवर बनवलेला एक भुताटकीचा आवाज आहे. तो खोलीभर गोल फिरतो. मग माडांची रांग, आग, आणि हळूहळू सायगावमधल्या हॉटेलच्या खोलीत उताणा पडलेला कॅप्टन विलर्ड, वर फिरणारा छताचा पंखा.

हा प्रवेश दुकानांतून हेलिकॉप्टर दाखवण्यासाठी किती वेळा वाजवला जात असेल! आणि तिथेच त्याचा अर्थ मरतो. कारण ते हेलिकॉप्टर तुमच्या खोलीत नाहीये, ते विलर्डच्या डोक्यात आहे. त्याच्या गोल फिरण्याला एक मंदपणा आहे, झोपेतलं स्वप्न फिरावं तसा. मागचे स्पीकर वर असतील तर काय होतं? हेलिकॉप्टर समोर असताना दूर असतं आणि मागे गेलं की एकदम डोक्यावर आदळतं. वर्तुळ वर्तुळ राहत नाही, अंड्यासारखं होतं. जे स्वप्न असायला हवं ती कसरत होते.

त्याच खोलीत पुढे मर्चनं आणखी एक काम केलंय आणि ते मला जास्त मोठं वाटतं. विलर्ड खोलीत आहे, बाहेर सायगावचे आवाज आहेत, पोलिसाची शिट्टी, गाड्यांचे हॉर्न, खोलीतली माशी. हळूहळू ते आवाज जंगलाचे होतात. शिट्टीची रातकिड्याची किरकिर होते, हॉर्नचे पक्षी होतात, माशीचा डास होतो. माणूस शहरात बसलाय, मन जंगलात गेलंय. हा बदल कधी झाला ते कळता कामा नये. आणि तो कळू नये यासाठी सगळ्या स्पीकरांमध्ये तोल लागतो. एक जरी स्पीकर पुढे आला तर आपण म्हणतो, अरे, इथे पक्षी बोलला! म्हणजे जादूगाराची बाही दिसली.

मर्चनं आणखी एक गोष्ट केली होती. हा सिनेमा सगळीकडे चारी बाजूंनी वाजवायचा नाही, हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. काही भाग जवळजवळ एकाच बिंदूतून, काही समोरच्या तिन्हींतून, आणि निवडक जागी सगळी खोली उघडायची. खोली उघडल्याचा परिणाम हवा असेल तर आधी ती बंद असायला हवी ना! आपण सराउंड सतत वर ठेवला तर दार कायमच उघडं. मग उघडण्याला काय अर्थ?

आता 'रोमा'कडे येतो. २०१८चा सिनेमा, काळ १९७० आणि ७१, मेक्सिको सिटीतल्या एका मध्यमवर्गीय घरात काम करणारी क्लिओ. कृष्णधवल चित्र, कॅमेरा एका जागी उभा राहून सावकाश वळतो. आणि कॅमेरा वळला की आवाजही जागा बदलतो. चौकटीत डावीकडे असलेलं माणूस कॅमेरा वळल्यावर चौकटीबाहेर जातं, आणि त्याचं बोलणं बाजूच्या स्पीकरमध्ये जातं. रस्त्यावरचे फेरीवाले दिसत नाहीत, ऐकू येतात. धारवाल्याची बासरीसारखी शिट्टी, रताळी विकणाऱ्याच्या गाडीची शिट्टी. आपल्याकडे दुपारी गल्लीतून धारवाला जातो, आपण त्याला बघायला उठतो का? नाही. पण ती दुपार त्याच्याशिवाय पुरी होत नाही.

माझ्या घरी पाच डेसिबल वर असलेल्या सराउंडमध्ये काय व्हायचं? धारवाला घरात यायचा. (हशा) मी दचकून मागे बघायचो आणि क्लिओ समोर काय करतेय ते निसटायचं. मग मी व्यासपीठावर येऊन म्हणालो, दिग्दर्शक दिखाऊ आहे. पातळी जुळवून परत पाहिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की हे आवाज क्लिओकडे लक्ष वेधण्यासाठी नाहीत, तिच्यापासून लक्ष हटवण्यासाठीही नाहीत. ते सांगतात की हे जग तिच्याभोवती चालूच आहे आणि तिच्यासाठी थांबणार नाही. शेवटाकडे समुद्राचा प्रवेश आहे, पोहता न येणारी क्लिओ मुलांसाठी लाटांत शिरते. आधी मी तो पाहिला तेव्हा लाट माझ्या सोफ्यामागे फुटत होती आणि मी स्वतःच्याच दचकण्यात गुंतलो होतो. आता भीती तिच्यासाठी वाटली. फरक पाच डेसिबलचा होता.

एक प्रश्न तुम्ही विचारायला हवा. 'रोमा' पाहताना संवाद बुडतायत हे मला तेव्हा का कळलं नाही? उत्तर सोपं आहे. संवाद स्पॅनिश आणि मिश्तेक भाषेत, मी वाचत होतो सबटायटल. शब्द डोळ्यांनी येत होते, त्यामुळे कानाला ते येतायत की नाही, याचा पत्ताच नाही. आईला सबटायटल वाचायला जमत नाही. तिला शब्द कानानंच हवेत. म्हणून चूक तिला कळली. तेव्हा माझा पहिला व्यावहारिक सल्ला हा, की घरचा संच आपल्या भाषेतल्या सिनेमावर तपासा. हेलिकॉप्टरवर नको.

मी कशावर तपासला? चैतन्य ताम्हाणेच्या 'द डिसायपल'वर, २०२०चा सिनेमा. योगायोग असा, की याचा कार्यकारी निर्माता कुआरोनच. शरद नेरूलकर हा शास्त्रीय संगीत शिकणारा तरुण रात्री मुंबईच्या मोकळ्या रस्त्यांवरून मोटारसायकलनं जातो, कानात माईंची जुनी व्याख्यानं चालू असतात. चित्र संथ केलेलं आहे, तानपुरा चालू आहे आणि त्यावर माईंचं बोलणं. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. सावकाश, कोरडं, न चढणारं बोलणं. त्या बोलण्यातला शब्द न्‌ शब्द कळायला हवा, कारण शरदचं सगळं आयुष्य त्या शब्दांवर उभं आहे. आणि तानपुराही राहायला हवा, कारण तो गेला तर उरतं फक्त भाषण. घरचा समतोल तपासायला याहून चांगली दोन मिनिटं मला माहीत नाहीत. कुठलाही स्फोट नाही, तरी सगळं पणाला लागलेलं.

सराउंड खाली आणल्यावर बराच फरक पडला. पण आईला अजून थोडे शब्द निसटत होते. मग मी सेंटर स्पीकरकडे बघितलं. तो कुठे होता? टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, आत ढकललेला, तोंड आमच्या गुडघ्यांकडे. आपल्याकडे निम्म्या घरांत असंच असणार. तो कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढला, खाली एक जाड वही सरकवून तोंड वर केलं, आणि मग परत मोजून जुळवला. लेव्हल न वाढवता शब्द उजळले. त्यानंतर, आणि त्यानंतरच, सेंटर दोन डेसिबल वर घेतला.

आता इथे मीटरवाले मित्र चिडतात. ते म्हणतात, पंचाहत्तर म्हणजे पंचाहत्तर, मग हे दोन डेसिबल कुठून आले? आता त्यांच्याशी वाद घालतो, कारण दुकानवाल्याइतकीच ही बाजूही मला अपुरी वाटते.

पहिली गोष्ट, तो पंचाहत्तरचा आकडा एका संदर्भ पातळीशी बांधलेला आहे. ॲम्प्लिफायरचं मुख्य बटण शून्यावर ठेवलं की सिनेमा ज्या पातळीवर मिक्स झाला ती पातळी मिळावी, अशी ती कल्पना. त्या पातळीवर एकेका मुख्य स्पीकरचा कळस एकशे पाच डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. फ्लॅटमध्ये कोण ऐकणार असं? आपण पंधरा-वीस डेसिबल खाली ऐकतो. रात्री आणखी खाली. आणि डोक्यावर पंखा असतो! माझ्या खोलीत पंखा पाचवर असला की मीटर पन्नासच्या खाली उतरतच नाही. विलर्डचा पंखा मिक्सिंगमध्ये आहे, माझा नाहीये. (हशा) हळू बोललेली वाक्यं त्या पंख्याखाली दबतात.

दुसरी गोष्ट, कान सगळे आवाज सारख्या प्रमाणात गमावत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून मांडलं होतं. एकूण आवाज कमी केला की खालचे स्वर आधी पातळ होतात. म्हणजे वीस डेसिबल खाली तुम्ही तोच सिनेमा लहान करून ऐकत नाही, वेगळाच तोल असलेला सिनेमा ऐकता. काही ॲम्प्लिफायर म्हणूनच आवाज कमी केला की खालचे स्वर आणि मागचे स्पीकर आपोआप थोडे वर उचलतात. कोणाला ते आवडतं, कोणाला नाही. पण त्यामागचं कारण खरं आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मीटर कुठे धरला होता? मधल्या जागी. आणि मधल्या जागी कोण बसतं? आमच्याकडे मी बसत होतो. आई बसायची सोफ्याच्या डाव्या टोकाला, कारण तिथून उठायला सोपं. तिच्या डोक्यापासून डावा सराउंड हातभर अंतरावर. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचं अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. खोलीत भिंती असतात म्हणून थोडा कमी, पण वाढतोच. म्हणजे माझ्या जागी बरोबर जुळलेला संच तिच्या जागी परत चुकलेलाच होता. मी मीटर दाखवून सांगत होतो, बघ, सगळे पंचाहत्तर! पण कोणाच्या कानाशी पंचाहत्तर?

मंडळी, घरातली मधली जागा ही तांत्रिक बाब नाही. आपल्या घरांत सोफा भिंतीला टेकलेला असतो, खोली दहा बाय पंधरा, चारजण ओळीनं बसलेले. मधली जागा एकालाच मिळते. ती कोणाला द्यायची हे घर ठरवतं, आणि पुष्कळदा ज्यानं संच आणला तोच ती बळकावतो. मी दोन गोष्टी केल्या. सराउंड कानाच्या पातळीवरून हात-दीड हात वर चढवले, म्हणजे टोकाला बसणाऱ्याचं आणि मधल्याचं स्पीकरपासूनचं अंतर तितकं वेगळं राहत नाही. आणि मधली जागा आईला दिली. तिथे आधाराला एक खुर्ची ठेवली. मीटर परत धरला, तिच्या कानाच्या उंचीवर.

मग समीक्षक म्हणून माझं काय? मी आता दोन नोंदी ठेवतो. ॲम्प्लिफायरमध्ये दोन वेगवेगळी सेटिंग जपून ठेवता येत असतील तर उत्तमच, नाहीतर कागदावर लिहा. एक मीटरनं जुळवलेली, जिच्यावर मी सिनेमाबद्दल मत बनवतो. दुसरी घरची, सेंटर दोन वर, सराउंड एक खाली, रात्र असेल तर नाइट मोड चालू, जिच्यावर आम्ही सगळे मिळून सिनेमा बघतो. दुसरीत पाप काही नाही. पण ती दुसरी आहे हे मला माहीत असलं पाहिजे. सेंटर पाच-सहा डेसिबल वर ठेवून मी 'रोमा' बघितला, तर चौकटीत डावीकडून उजवीकडे जाणारा माणूस बरोबर मध्यभागी आला की ओरडायला लागेल आणि पुढे गेला की परत हळू बोलेल. त्यावरून उद्या मी म्हणायचो, कुआरोनला आवाजाची हालचाल जमत नाही! म्हणजे पुन्हा तीच चूक, फक्त दुसऱ्या स्पीकरनं.

तेव्हा एवढंच म्हणतो. दुकानवाला म्हणतो सगळे स्पीकर ऐकू आले पाहिजेत. मीटरवाला म्हणतो सगळे सारखे मोजले गेले पाहिजेत. मीटरवाला बरोबर आहे, पण त्याचं काम जिथे संपतं तिथून आपलं सुरू होतं. कोण कुठे बसलंय, कोणाला काय ऐकू येत नाहीये, हे विचारायचं काम. मी ते उशिरा विचारलं.



प्रश्नोत्तरांतून निवडक

श्रोता: आमच्याकडे पाच स्पीकर नाहीत, एक साउंडबार आहे किंवा नुसता टीव्ही. मग हे सगळं आमच्यासाठी नाहीच का?

उत्तर: आहे की. टीव्हीच्या दोन स्पीकरमध्ये पाच वाटा कोंबल्या जातात. सेंटरचा आवाज डाव्या-उजव्यात वाटून घातला जातो आणि सराउंडही त्यातच येतो. म्हणजे संवाद आणि पाऊस एकाच दारातून बाहेर पडतात, गर्दी होणारच. अशा वेळी टीव्हीच्या मेनूमध्ये जाऊन ध्वनीचा पर्याय 'स्टीरिओ' आहे का बघा. दोन स्पीकरसाठी केलेला वेगळा ट्रॅक असेल तर तो पुष्कळदा जास्त स्वच्छ वाजतो. साउंडबारमध्ये 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' असं बटण असतं, ते थोडं वापरायला हरकत नाही. आणि बारचं तोंड कशानं झाकलं जात नाहीये ना, एवढं बघा.

श्रोता: सर, पुस्तक वाचताना आम्ही लेखकाला विचारत नाही की किती उजेडात वाचू. मग मिक्सिंग करणाऱ्याचा शब्द एवढा अंतिम का मानायचा?

उत्तर: छान प्रश्न आहे. अंतिम मानू नका. पण उजेड कमी असताना वाचलं आणि दोन ओळी दिसल्याच नाहीत, तर लेखकानं त्या लिहिल्याच नाहीत असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. मी तेच केलं होतं. घरी तुम्हाला हवं तसं ऐका. मत देताना मात्र एकदा दिवा लावून बघा.

आणि आई काय म्हणाली, असं इथे खाली कोणीतरी लिहून विचारलंय. 'द डिसायपल' संपल्यावर म्हणाली, "त्या बाईंचं सगळं बोलणं कळलं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मागे तानपुरा होता ना रे?"